दमट घराचे वायुवीजन आणि पाळीव मांजर

दमट घराचे वायुवीजन म्हणजे घरात साचलेली बाष्पयुक्त हवा बाहेर काढून तिच्या जागी तुलनेने कोरडी हवा आत घेण्याची क्रिया होय. ओल, बुरशी व कुबट वास यांवरचा हा सर्वांत जुना आणि कमी खर्चाचा उपाय आहे. मात्र ज्या घरात मांजर कायम घरातच ठेवले जाते, तेथे उघडी खिडकी, झरोका किंवा पंख्याची खाच हीच मांजराच्या पडण्याची अथवा निसटण्याची वाट ठरू शकते. ओल घालवण्यासाठी वापरली जाणारी काही द्रव्ये व धूरही मांजराला अपायकारक असतात. त्यामुळे अशा घरात हवा खेळती ठेवणे आणि मांजर सुरक्षित ठेवणे या दोन्ही गोष्टींचा विचार एकत्रच करावा लागतो.

पार्श्वभूमी

महाराष्ट्राच्या पूर्व टोकाचा गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला. भातशेती व तलाव ही त्याची ओळख आहे. येथे वर्षाला १२०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो व त्यातील बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. गोंदिया शहरानजीकच्या मुर्रीसारख्या गावांत मातीच्या किंवा विटांच्या भिंती व वर कवेलूचे छप्पर अशी घरे पूर्वी सर्वत्र होती. कवेलूंच्या फटींतून गरम, दमट हवा आपोआप वर निघून जाई. सिमेंटच्या स्लॅबची घरे आल्यावर ही नैसर्गिक वाट बंद झाली आणि वायुवीजनाचा सारा भार खिडक्यांवर आला. धानाच्या साठ्यामुळे उंदीर येतात व उंदरांमुळे मांजर पाळले जाते. पूर्वी ते घर व अंगण यांत मोकळे फिरे. रहदारी, भटकी कुत्री आणि रोगराई यांमुळे अनेक कुटुंबे आता मांजराला घरातच ठेवतात.

ओलीचे प्रकार

वायुवीजनाने कोणती ओल जाते व कोणती जात नाही, हे आधी ओळखणे आवश्यक असते.

जमिनीतून चढणारी ओल भिंतीच्या खालच्या भागात दिसते. तेथे लोणा लागतो आणि रंगाचे पोपडे निघतात. जोत्याच्या पातळीवर ओलप्रतिबंधक थर नसणे हे तिचे नेहमीचे कारण आहे.

गळतीची ओल स्लॅबच्या भेगा, फुटके नळ किंवा खिडकीच्या चौकटीभोवतीच्या फटी यांतून येते व डागाच्या स्वरूपात पसरते.

घरात निर्माण होणारी वाफ हे तिसरे कारण होय. स्वयंपाक, अंघोळ, श्वासोच्छ्वास व घरात वाळत घातलेले कपडे यांतून ती सतत हवेत मिसळते. धुतलेल्या कपड्यांच्या एका खेपेतून सुमारे दोन लिटर पाणी हवेत जाऊ शकते.

पहिल्या दोन प्रकारांत बांधकामाची दुरुस्ती करावीच लागते. वायुवीजनाचा खरा उपयोग तिसऱ्या प्रकारात होतो.

हवा केव्हा व कशी खेळवावी

हवा जितकी उष्ण, तितके अधिक बाष्प ती धरून ठेवते. एक घनमीटर हवेत १५ अंश सेल्सियसला सुमारे १३ ग्रॅम, २५ अंशांना २३ ग्रॅम आणि ३० अंशांना ३० ग्रॅम बाष्प मावते. हिवाळ्यातील १५ अंशांची व ६० टक्के आर्द्रतेची हवा घरात येऊन २५ अंशांपर्यंत तापली, तर तिची सापेक्ष आर्द्रता जवळपास ३३ टक्क्यांवर येते आणि ती भिंतींतील ओल शोषून घेते. म्हणून पावसाळा संपल्यानंतरचे ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे महिने घर सुकवण्यास सर्वांत योग्य असतात.

पावसाळ्यात बाहेरची हवाच बाष्पाने भरलेली असते. संततधार सुरू असताना खिडक्या दिवसभर उघड्या ठेवल्यास गार फरशीवर व भिंतींवर दव धरते. अशा वेळी स्वयंपाक व अंघोळीनंतर काही मिनिटे वाफ बाहेर काढावी, छताचा पंखा चालू ठेवावा आणि पावसाने उघडीप दिल्यावर दुपारी समोरासमोरच्या खिडक्या उघडाव्यात. समोरासमोरच्या वाटांमुळे हवा आरपार वाहते. एकाच भिंतीत दोन खिडक्या असल्यास तेवढा परिणाम होत नाही. घरातील सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांखाली राहिल्यास बुरशीची वाढ रोखली जाते. साध्या आर्द्रतामापकाने ती मोजता येते.

राष्ट्रीय इमारत संहितेनुसार खिडक्या व झरोके यांचे एकत्रित क्षेत्रफळ दमट-उष्ण हवामानात खोलीच्या क्षेत्रफळाच्या किमान एक षष्ठांश आणि कोरड्या-उष्ण हवामानात एक दशांश असावे लागते. म्हणजे १० × १२ फुटांच्या खोलीला दमट प्रदेशात सुमारे २० चौरस फूट उघडी जागा हवी.

खिडक्या व जाळ्या

मांजर उंचावरून पडले तरी त्याला काही होत नाही, हा समज चुकीचा आहे. न्यूयॉर्कमधील १३२ मांजरांचा एक अभ्यास १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. ही मांजरे उंच इमारतींतून पडली होती. उपचार मिळालेल्यांपैकी सुमारे ९० टक्के वाचली. परंतु छाती, जबडा व पाय यांच्या दुखापती मोठ्या प्रमाणावर आढळल्या, तसेच जागीच मेलेली मांजरे दवाखान्यात आणली न गेल्याने या गणनेत आलीच नाहीत.

लोखंडी गज चोरापासून रक्षण करतात, मांजराला मात्र अडवत नाहीत. ज्या फटीतून डोके जाते, तिच्यातून सहसा मांजराचे सर्व अंग जाते. चिकटपट्टीने लावलेली मच्छरदाणीची जाळी नखांनी फाटते किंवा मांजराच्या भाराने निघून येते. पोलादी तारेची जाळी चौकटीत बसवून स्क्रूने आवळणे हा टिकाऊ उपाय आहे. तिच्यामुळे मांजर आत राहते व डास बाहेर राहतात. हिवताप व डेंग्यूचा प्रादुर्भाव होणाऱ्या भागात ही गोष्ट महत्त्वाची ठरते. पावसाळ्यात उंदीर-बेडकांच्या मागावर घरात शिरणाऱ्या सापांनाही जाळीमुळे अटकाव होतो. जाळीने हवेचा प्रवाह घटतो, म्हणून तिच्यावरील धूळ नियमित झटकावी.

जाळी बसवणे शक्य नसल्यास घर एकेका खोलीने मोकळे करतात. मांजराला पाणी व रेतीचे तबक देऊन एका खोलीत ठेवतात, दार लावतात आणि बाकीच्या खिडक्या उघडतात. खिडक्या बंद झाल्यावरच ते दार उघडले जाते. आरपार वाऱ्याने दारे जोरात आपटून मांजराचे शेपूट किंवा पाय चिरडू शकतो, त्यामुळे दारांना अडकवण लावणे इष्ट ठरते.

कूलर व पंखे

विदर्भात उन्हाळ्यात खिडकीला कूलर बसवला जातो. तो हवेत पाणी मिसळूनच गारवा देतो, म्हणून पावसाळ्यात चालवल्यास घरातील ओल वाढते. पावसाळ्याच्या तोंडी कूलर काढल्यावर खिडकीत मोठी खाच उरते आणि मांजर निसटण्याची ती नेहमीची जागा असते. कूलर काढला त्याच दिवशी ती बंद करावी. स्वयंपाकघर व न्हाणीघरातील हवा बाहेर फेकणाऱ्या पंख्याला आतून जाळी असावी, कारण बंद पंख्याच्या पात्यांमधूनही पिल्लू बाहेर पडू शकते.

टाळावयाचे उपाय

बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून कपडे किंवा भिंती सुकवणे जिवावर बेतू शकते. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग वा वास नसतो आणि त्याने माणूस व मांजर दोघेही दगावू शकतात.

मांजराच्या यकृतात फिनॉलसारखी द्रव्ये निष्प्रभ करण्याची क्षमता अत्यल्प असते. त्यामुळे फिनॉलयुक्त जंतुनाशकाने फरशी पुसल्यास पंजे चाटताना विषबाधा होऊ शकते. कपाटातील डांबराच्या गोळ्या, कापूर व सुगंधी तेले यांपासूनही मांजराला दूर ठेवावे. धूप व ऊद यांच्या धुराने दमा असलेल्या मांजराचा त्रास बळावतो. ओल शोषणाऱ्या कॅल्शियम क्लोराइडच्या डब्यात साचणारे पाणी व कळीचा चुना ही दोन्ही तोंड आणि कातडी पोळतात.

धान्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ओलाव्याच्या संपर्कात आल्यावर फॉस्फिन हा प्राणघातक वायू सोडतात. दमट, राहत्या घरात त्यांचा वापर कदापि करू नये.

बुरशीची सफाई

बुरशी कोरड्या कुंच्याने झाडल्यास तिचे बीजाणू हवेत पसरतात. ती साबणाच्या पाण्याने ओली करून पुसणे योग्य होय. ब्लीच वापरायचे झाल्यास ते सौम्य करावे, मांजर दुसऱ्या खोलीत ठेवावे व जागा धुऊन सुकल्यावरच त्याला सोडावे. मांजराच्या मूत्रातून अमोनिया तयार होतो. त्यावर ब्लीच पडल्यास क्लोरामाइन हा घातक वायू निर्माण होतो, म्हणून रेतीचे तबक व त्याभोवतीची जागा ब्लीचने स्वच्छ करू नये. ओल्या रेतीने घराचा दमटपणा व दुर्गंधी वाढते, तेव्हा ती रोज साफ करणे आवश्यक असते.

आरोग्यविषयक लक्षणे

दमट हवेत पिसवा झपाट्याने वाढतात. त्यांवर उपाय म्हणून कुत्र्यांसाठीचे परमेथ्रिनयुक्त औषध मांजराला लावणे प्राणघातक ठरू शकते. मांजराच्या अंगावर केस गळून गोल चट्टे पडल्यास तो गजकर्णाचा संसर्ग असण्याची शक्यता असते आणि तो माणसालाही होतो. खोकला, तोंड उघडे ठेवून श्वास घेणे, अति लाळ गळणे, तोल जाणे किंवा थरथर सुटणे ही लक्षणे दिसताच मांजराला मोकळ्या हवेच्या पण बंदिस्त जागी हलवून त्वरित पशुवैद्यकास दाखवावे. संशयित द्रव्याचे वेष्टन सोबत नेल्यास उपचार ठरवण्यास मदत होते.