फुप्फुसाच्या आवरणावरील व्रण : जुनी खूण की नवा आजार?

छातीच्या क्ष-किरण चित्रात किंवा सीटी स्कॅनमध्ये ‘फुप्फुसाचे आवरण जाड झाले आहे’ अशी नोंद आढळली, की रुग्ण आणि त्याचे कुटुंबीय धास्तावतात. अनेकदा ही तपासणी शस्त्रक्रियेपूर्वी किंवा नोकरीसाठी केलेली असते. अशी नोंद बहुधा होऊन गेलेल्या आजाराची खूण असते.

फुप्फुसाभोवती प्लुरा नावाचे पातळ दुपदरी आवरण असते. दोन पदरांमधील अल्पशा द्रवामुळे श्वास घेताना फुप्फुस सहज सरकते. तेथे दाह होऊन पाणी, पू किंवा रक्त साचले, तर बरे होताना तंतुमय व्रण तयार होतो. भारतात क्षयरोगामुळे छातीत पाणी होणे हे त्याचे प्रमुख कारण आहे. न्यूमोनिया, छातीला झालेली इजा आणि हृदयशस्त्रक्रिया ही अन्य कारणे होत. उतारवयात फुप्फुसाच्या टोकावर किंचित जाडी येणे सामान्य आहे.

क्षयरोगाचे उपचार पूर्ण झाल्यावरही हा व्रण आयुष्यभर राहू शकतो. क्षयरोगाच्या औषधांनी तो विरघळत नाही. त्यामुळे रोग सक्रिय असल्याचा अन्य पुरावा नसताना, केवळ व्रण दिसतो म्हणून ती औषधे पुन्हा सुरू करणे योग्य नव्हे. यासाठी जुनी चित्रे व उपचारांची कागदपत्रे जपून ठेवावीत. काही वर्षांच्या अंतराने काढलेल्या चित्रांत व्रण तसाच असेल, तर ती दिलासादायक बाब ठरते.

अॅस्बेस्टॉसच्या धुळीत काम केलेल्यांच्या आवरणावर साधारणतः २० ते ३० वर्षांनी कठीण चकत्या दिसू लागतात. या चकत्यांचे कर्करोगात रूपांतर होत नाही. मात्र धुळीशी आलेल्या संपर्काची ती खूण असते. अशा व्यक्तीने धूम्रपान केल्यास फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका अनेक पटींनी वाढतो. या कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी कामाच्या प्रारंभापासून किमान ४० वर्षे किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यांपैकी जो कालावधी उशिरा संपेल तोपर्यंत, उद्योगांनी जतन कराव्यात, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला. म्हणूनच पूर्वी केलेल्या कामाची माहिती डॉक्टरांना अवश्य द्यावी.

लहान व्रणामुळे दैनंदिन जीवनात सहसा अडथळा येत नाही. व्रण विस्तृत असल्यास फुप्फुस पूर्ण फुगत नाही आणि चढण चढताना धाप लागते. फुप्फुसाची क्षमता स्पायरोमेट्री चाचणीने मोजता येते. नियमित चालणे, डॉक्टरांच्या सल्ल्याने श्वसनाचे व्यायाम, धूम्रपान सोडणे आणि फ्लू व न्यूमोनियाच्या लसी यांचा उपयोग होतो. जाड झालेले आवरण सोलून काढण्याची शस्त्रक्रिया मोजक्याच रुग्णांना लागते.

वाढती धाप, सतत छातीत दुखणे, ताप, वजन घटणे किंवा थुंकीतून रक्त पडणे ही लक्षणे दिसल्यास विलंब न करता तपासणी करावी. आवरणाची जाडी १ सेंटिमीटरहून अधिक, गाठाळ किंवा वाढत जाणारी असेल, तर ती जुनी खूण मानून दुर्लक्ष करू नये.