ओस्तियातली एक पहाट : शोक, गाणे आणि स्मृती

मागच्या खेपेला काळाबद्दल बोलताना मी ऑगस्टीनचे नाव घेतले होते. व्याख्यान संपल्यावर एका बाईंनी विचारले, काळ म्हणजे काय हे सांगायला या माणसाला गाण्याचीच ओळ का लागली? सूर्य होता, पाण्याची घड्याळे होती, ती का नाही घेतली? प्रश्न चांगला आहे. उत्तरासाठी मात्र जरा लांबून यावे लागेल, एका मृत्यूपासून. म्हणून आज काळ थोडा बाजूला ठेवतो आणि दुसऱ्याच गोष्टीबद्दल बोलतो. घरातले माणूस गेल्यावर एखादे गाणे कानावर पडते, तेव्हा आपल्या आत नेमके काय होते?

आपण म्हणतो, गाणे लागले आणि आई आठवली. बोलायला हे ठीक आहे. पण फोटो पाहूनही आई आठवते, कपाटातले तिचे लुगडे पाहूनही आठवते. त्या फोटोला आपण रोज उदबत्ती ओवाळतो आणि डोळे कोरडे असतात. मग भाजी आणायला गेलो असताना कुठल्या तरी दुकानातून दोन ओळी ऐकू आल्या की पिशवी धरून उभे का राहावे लागते? 'आठवण' हा एकच शब्द दोन्हीकडे वापरून भागत नाही.

तर इसवी सन 387. रोमचे बंदर ओस्तिया, तायबर नदीच्या मुखाशी. ऑगस्टीन तेहेतीस वर्षांचा. जन्म थागास्ते गावचा, म्हणजे आजच्या अल्जीरियातला. मिलान शहरात वक्तृत्वशास्त्राचा प्राध्यापक होता, ती नोकरी सोडली, त्याच वर्षी ईस्टरला बाप्तिस्मा घेतला, आणि आई मोनिका, मुलगा आदेओदातुस आणि काही मित्रांबरोबर आफ्रिकेला परत निघाला. ओस्तियात आईला ताप आला आणि नवव्या दिवशी ती गेली. छप्पन्न वर्षांची होती. गावी नवऱ्याशेजारी तिने स्वतःसाठी जागा करून ठेवली होती. शेवटी मात्र म्हणाली, हे शरीर कुठेही ठेवा, प्रार्थनेच्या वेळी माझी आठवण ठेवा म्हणजे झाले.

पुढचे सगळे त्याने 'कन्फेशन्स'च्या नवव्या खंडात लिहिले आहे, घटनेनंतर दहाएक वर्षांनी. आईचे डोळे त्याने स्वतः मिटले. रडू दाटून आले, पण त्याने ते परतवले. पोरगा आदेओदातुस, पंधराएक वर्षांचा, मोठ्याने रडायला लागला, तर सगळ्यांनी मिळून त्याला गप्प केले. का? तर जी बाई देवाघरी गेली तिच्यासाठी आक्रोश करणे शोभत नाही. मग एवोदिउस नावाच्या मित्राने स्तोत्राचे पुस्तक उघडून एक स्तोत्र म्हणायला सुरुवात केली आणि घरातल्या साऱ्यांनी त्याला साथ दिली. लक्षात घ्या, म्हणजे गाणे इथेही आहे. अंत्यविधीत आहे, सामुदायिक आहे, प्रसंगाला धरून आहे. आणि ऑगस्टीनचे डोळे कोरडे आहेत. थडग्याशी प्रार्थना झाली तेव्हाही कोरडे. भेटायला आलेल्यांशी तो बोलत बसला. ऐकणाऱ्यांना वाटले, याला दुःखच नाही. आत मात्र त्याला दोन दुःखे होती, एक आई गेल्याचे आणि दुसरे आपल्याला इतके दुःख होते आहे याचे. तत्त्वज्ञानाच्या माणसांना हा दुसरा रोग हमखास होतो, माझ्या पेशाचा अनुभव म्हणून सांगतो.

मग कोणीतरी म्हटलेले त्याला आठवले की आंघोळीने मन हलके होते. तो स्नानगृहात जाऊन आला. काही उपयोग झाला नाही. घामाबरोबर दुःख वाहून गेले नाही, असे तो म्हणतो. रात्री झोप लागली. जाग आली तेव्हा बरेच हलके वाटत होते. आणि तसाच अंथरुणात एकटा पडलेला असताना त्याला अँब्रोजचे एक गीत आठवले. अँब्रोज म्हणजे मिलानचा बिशप, याला बाप्तिस्मा देणारा. गीताचे नाव 'देउस क्रेआतोर ओम्नियुम', सर्वांचा निर्माता देव. संध्याकाळी म्हणायचे गीत आहे ते. रात्र येते, झोप येते, थकलेल्या अंगाला आणि दुःखी मनाला ती सोडवते, असा त्याचा आशय. ते मनात म्हणता म्हणता आई हळूहळू परत आली, तिचे वागणे, तिची माया. आणि आदल्या दिवसभर अडवलेले पाणी त्याने सोडून दिले.

हेच गीत का? वाचणारे साधारणपणे म्हणतात, आशय जुळला म्हणून. माझे तेवढ्याने समाधान होत नाही. त्यासाठी वर्षभर मागे जावे लागते.

386 साली मिलानमध्ये सम्राटाची आई युस्तिना आणि अँब्रोज यांचा झगडा झाला. अँब्रोजचे चर्च काढून घेतले जाईल म्हणून लोक रात्रंदिवस आत ठाण मांडून बसले. त्या गर्दीत मोनिका होती, ऑगस्टीनने तसे नोंदवले आहे. लोकांनी खचू नये, कंटाळू नये म्हणून तिथे पूर्वेकडच्या पद्धतीने सर्वांनी मिळून गीते म्हणायची प्रथा पडली. तेव्हा अँब्रोजची गीते मोनिकाच्या तोंडी असणे स्वाभाविक होते. आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये, मिलानबाहेर कासिसिआकुम नावाच्या गावी, ऑगस्टीनच्या वाढदिवसाच्या निमित्ताने सगळे बसले असताना सुखी आयुष्य म्हणजे काय यावर तीन दिवस चर्चा झाली. तो संवाद ऑगस्टीनने लिहून ठेवला आहे. त्यात आई बसलेली आहे, आणि ती नुसती वाढायला बसलेली नाही, चर्चेत मुद्दे मांडते आहे. आणि संवादाच्या शेवटाकडे मोनिका आनंदाने अँब्रोजची एक ओळ म्हणते. ती ओळ याच गीताची शेवटची ओळ आहे!

म्हणजे बघा. मुलाच्या वाढदिवसाला आईने ज्या गीताची अखेरची ओळ म्हटली, तेच गीत ती गेल्यावर दुसऱ्या पहाटे मुलाच्या मनात आले. 'कन्फेशन्स'मध्ये तो हे सांगत नाही. ज्याने दोन्ही पुस्तके वाचली त्यालाच कळते.

आता तुम्ही म्हणाल, मग झाले की, साहचर्य! गाण्याची आईशी गाठ पडली होती म्हणून ती आठवली. जॉन लॉकनेही हेच सांगितले असते. त्याच्या मोठ्या ग्रंथाच्या 1700 सालच्या चौथ्या आवृत्तीत कल्पनांच्या साहचर्यावर एक नवे प्रकरण आले. मोठे गमतीचे प्रकरण आहे. एका तरुणाने जिथे नाच शिकला त्या खोलीत एक जुनी पेटी होती, पुढे तशी पेटी खोलीत असल्याशिवाय त्याला नाचताच येईना! त्याच प्रकरणात लॉक म्हणतो की गायकाच्या डोक्यात एकदा चाल सुरू झाली की पुढचे सूर आपोआप ओळीने येतात. आणि त्याच प्रकरणात मूल गेलेली एक आई आहे, जिला कुठल्याही युक्तिवादाने समजावता येत नाही, फक्त काळच काय ते करतो. पेटी, चाल आणि शोक, तिन्ही गोष्टी लॉकच्या हातात होत्या. त्याने त्या एकत्र बांधल्या नाहीत. त्याच्या दृष्टीने साहचर्य ही मनाची खोड, जवळपास वेडाचाच प्रकार. पण पेटी एका नजरेत दिसते. चाल एका क्षणात ऐकू येत नाही. फरक तिथे आहे.

तो फरक ऑगस्टीनने सांगितला, अकराव्या खंडात, आणि उदाहरण म्हणून घेतले ते हेच गीत. पहिली ओळ आठ अक्षरांची, लघु-गुरू, लघु-गुरू. (आपल्या अनुष्टुभाच्या चरणातही आठच अक्षरे, आणि वाल्मीकीच्या शोकाचा श्लोक झाला तो त्याच छंदात. यातून मी काही सिद्ध करत नाही, फक्त कानाला जाणवते म्हणून सांगितले.) तो विचारतो, गुरू अक्षर लघूच्या दुप्पट आहे हे मला कळते कसे? गुरू उच्चारेपर्यंत लघू संपून गेलेले असते. आणि गुरू पुरे झाल्याशिवाय मोजता येत नाही, पुरे झाले की तेही उरत नाही. मग मी मोजतो ते काय? मोजतो ते माझ्या स्मृतीत राहिलेले. पाठ असलेले स्तोत्र म्हणायला लागलो की आधी सगळे स्तोत्र अपेक्षेत असते. जसजसे म्हणत जावे तसतसे ते अपेक्षेतून स्मृतीत सरकते, शेवटी अपेक्षा संपते आणि सगळे स्मृतीत जाते. आणि लगेच तो म्हणतो, माणसाच्या सबंध आयुष्याचेही तसेच आहे.

तबला ऐकणाऱ्यांना हे वेगळे समजवायला नको. समेची वाट पाहणे म्हणजे हेच. मागचे आवर्तन धरून ठेवलेले असते म्हणून पुढची सम कुठे पडणार ते कळते, आणि ती पडली की मान हलते.

आता शोक म्हणजे काय ते पाहा. आईची चाहूल आपल्याला चाळीस वर्षे पाठ असते. पाचला कपबशीचा आवाज येणार, मग दार वाजणार, मग हाक येणार. माणूस जाते, पण आपल्या आतली ही वाट पाहणे जात नाही. ते दुसऱ्या दिवशीही पाचला तयार असते, आणि काहीच येत नाही. गाणे इथे घुसते. गाण्यात पुढची ओळ येतेच. तिच्याबरोबर शिकलेल्या गाण्यात आपण तिच्यासकट वाट पाहू लागतो, आणि ओळ येते पण ती येत नाही. फोटो हे करू शकत नाही, कारण फोटोत वाट पाहायला जागाच नसते. माझ्या मते ओस्तियातल्या त्या पहाटे हेच झाले.

माझ्या आत्याचे सांगतो. तिच्या आईवरच्या ओव्या उतरवून घ्याव्यात म्हणून मी वही घेऊन बसलो. एक सांगितली आणि ती अडली. मधलीच एखादी सांग म्हटले तर येईना. मग फरशीवर हात गोल फिरवायला लागली, जात्याचा खुंटा धरल्यासारखा, आणि ओवीमागून ओवी येत गेली. चौथ्या-पाचव्या ओवीला रडू लागली, पण हात थांबला नाही आणि ओवीही थांबली नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांतल्या कितीतरी आईबापांवरच्या, गेलेल्या माणसांवरच्या आहेत. पिठाची गिरणी आली, दळण सुटले, तसा त्या बायकांचा पहाटेचा रडण्याचा वेळही गेला. गिरणी नको होती असे मी म्हणत नाही, जाते ओढलेल्या बाईला विचारा. पण गेले ते काय होते, हे नोंदवायला हवे.

आता दुसरी बाजू. असे रडणे बरे की वाईट? अथेन्समध्ये सोलोनने इसवी सनापूर्वी सहाव्या शतकातच बायकांच्या शोकावर कायद्याने मर्यादा घातल्या, रचलेली शोकगीते म्हणण्यावरही. प्लेटोने 'रिपब्लिक'च्या तिसऱ्या भागात विलापाचे स्वरप्रकार नगराबाहेर काढले. दहाव्यात तो म्हणतो, आपल्यातल्या रडायला भुकेल्या भागाला कवी खाऊ घालतो. आमच्या लहानपणी सुतकात रेडिओ बंद असे, पण भजनी मंडळ चालत असे. तेही तेच: सगळ्यांनी मिळून, ठरलेले, देवाचे गाणे चालेल, एकट्याचे नको.

ऑगस्टीन या बाबतीत स्वतःच दुभंगलेला आहे. लहानपणी डिडोच्या गोष्टीवर रडलो याचा त्याला पस्तावा आहे. दहाव्या खंडात तो कबूल करतो की गायलेल्या शब्दांपेक्षा गाणेच मला जास्त हलवते तेव्हा मी पाप करतो, मग वाटते ऐकलेच नसते तर बरे. आईसाठी रडल्याचे सांगतानाही तो वाचणाऱ्याला विनवतो की तासाच्या लहानशा भागापुरतेच रडलो, हसू नका. मला ही विनवणी आवडत नाही. ज्या पोराला आदल्या दिवशी गप्प केले, तोच खरे वागत होता. आणि बाप हे लिहीत होता तेव्हा तो पोरगाही जिवंत नव्हता, तरुणपणीच गेला. पण ऑगस्टीनची भीती मी उडवून लावणार नाही. रडण्यात गोडी असते, आणि त्या गोडीसाठी गेलेल्या माणसाला वापरता येते, हे त्याला कळले होते. तरुणपणी एक मित्र गेला तेव्हा खेळ, गाणी, कशातच मन रमेना असे चौथ्या खंडात आहे. तेव्हा गाणे करमणूक म्हणून समोर होते. ओस्तियात ते तसे नव्हते. त्याने ते मागवले नव्हते, ते आले.

आणि ते त्याला स्वतःच म्हणावे लागले, मनात का होईना. एडिसनने 1877 मध्ये फोनोग्राफ केला आणि पुढच्याच वर्षी त्याचे उपयोग सांगणारा लेख लिहिला. त्या यादीत मरणाऱ्या माणसांचे शेवटचे शब्द जपून ठेवणे हाही एक उपयोग आहे. तेव्हापासून गेलेल्याचा आवाज बाहेरून, हवा तेव्हा ऐकता येतो. माझ्या परिचयातले एक गृहस्थ आहेत, पत्नी गात असत. रियाजाच्या कॅसेट घरात आहेत, ते लावत नाहीत. पण सकाळी चहा करताना तीच बंदिश स्वतः गुणगुणतात, बेसूर. मी एकदा विचारले, लावत का नाही? म्हणाले, कॅसेटमध्ये ती माझ्यासाठी थांबत नाही.

बाईंच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे की घड्याळात त्याचे कोणी नव्हते. गाण्याच्या त्या ओळीत होते. अकराव्या खंडात तो आईचे नाव घेत नाही, म्हणून पुराव्याने हे पक्के करता येणार नाही, कोणी हरकत घेतली तर ती रास्तच असेल. तो खंड तसा लहान आहे. पुढच्या वेळी येताना नववा आणि अकरावा, दोन्ही वाचून या, या क्रमाने. मग स्मृतीवरच्या दहाव्याकडे वळू.