‘सर्वेभ्यः’ची बस

शाळेत ‘देवः देवौ देवाः’ घोकलेल्या माणसाला ‘बस’ या शब्दाचं कूळ ओळखता यावं. ‘देवेभ्यः’, ‘सर्वेभ्यः’ यांत चतुर्थीच्या अनेकवचनाचा जो ‘भ्यः’ आहे, तो आणि लॅटिनमधला ‘बुस’ ही एकाच आदिभाषेची लेकरं. लॅटिन ‘ओम्निबुस’ म्हणजे नेमकं ‘सर्वेभ्यः’, सर्वांसाठी.

गाडी मात्र या नावाच्या आधीची. 1662 साली पॅरिसमध्ये गणितज्ञ ब्लेझ पास्कालच्या पुढाकाराने ठरलेल्या वाटेवर, ठरलेल्या वेळी, पाच सू भाड्यात घोडागाड्या धावू लागल्या. गाडी भरो न भरो, वेळ झाली की सुटायची. आजच्या बससेवेचे सगळे नियम तिथे दिसतात, एक सोडून: पॅरिसच्या उच्च न्यायपीठाने सैनिक, नोकरचाकर आणि अंगमेहनत करणाऱ्यांना चढायला मनाई केली. ज्यांचे पाय सर्वांत जास्त झिजत होते, तेच बाहेर राहिले. ती सेवा काही वर्षांत बंद पडली याचं मला नवल वाटत नाही.

नाव मिळालं ते 1826च्या सुमारास, फ्रान्समधल्याच नांत शहरात. स्तानिस्लास बोद्रीची शहराबाहेर सार्वजनिक स्नानगृहं होती. गिऱ्हाइकांना न्यायला त्याने गाडी सुरू केली, तर लोक मध्येच उतरू लागले. अंघोळीशी काही संबंध नसलेलेही चढू लागले. खरा धंदा गाडीत आहे हे बोद्रीने ओळखलं. गाडी सुटायची तिथल्या ओम्नेस नावाच्या टोपीवाल्याच्या पाटीवर ‘ओम्नेस ओम्निबुस’ लिहिलं होतं आणि तिथूनच नाव उचललं, असं सांगतात. ती आख्यायिका म्हणूनच ऐकावी.

4 जुलै 1829 रोजी जॉर्ज शिलिबीअरने लंडनमध्ये पॅडिंग्टन ते बँक अशी तीन घोड्यांची ‘ऑम्निबस’ सोडली. तीत 22 उतारू बसत. लंडनकरांनी थोड्याच वर्षांत नाव तोडून ‘बस’ केलं. ‘सर्व’ हा अर्थ सांगणारं मूळ गळालं, विभक्तीचा प्रत्यय तेवढा उरला आणि तोच जगभर फिरला. भाषेतला हा अपघात मला फार आवडतो.

घोडे जाऊन इंजिन आलं तरी नाव टिकलं. मुंबईत पहिली बस 15 जुलै 1926 रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट धावली. पहिली एसटी 1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर. मधल्या काळात हा प्रत्यय स्वतंत्र शब्द म्हणून इतका रुळला, की तो पुन्हा दुसऱ्या शब्दांना जोडला जाऊ लागला: मिनीबस, किंवा डोक्यावरच्या तारांतून वीज घेत 1962 ते 1971 मुंबईत धावलेली ट्रॉलीबस.