गोटुलातली चर्चा, बांबूची मजुरी

कार्यालयीन वेळेत मोबाइल गरजेपुरताच वापरा, कामासाठी शक्यतो दूरध्वनी वापरा, समाजमाध्यमांवर वेळेचे आणि भाषेचे तारतम्य ठेवा, असे राज्य सरकारने जुलै 2021 मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांना बजावले. कामाच्या ठिकाणी माणसांनी आपसात किती बोलावे, ही मालकांची चिंता मात्र व्हॉट्सअ‍ॅपहून कितीतरी जुनी आहे. गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यात एका गोंड गावाने या प्रश्नाची बाजूच पालटली.

मेंढा (लेखा) हे ते गाव. 1980च्या दशकात इंचमपल्ली आणि भोपालपट्टणम धरणांविरुद्ध ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन पेटले, तेव्हापासून इथे एकत्र बसून बोलण्याला नवे बळ आले. देवाजी तोफा आणि ‘वृक्षमित्र’ संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल यांच्या पुढाकाराने अभ्यास गट सुरू झाले. या गटात ठराव नसतो, मतदान नसते. वनकायदा असो की मजुरी, विषय समजेपर्यंत गोटुलात, म्हणजे गावाच्या सामूहिक घरात, बोलायचे. निर्णय ग्रामसभेत, तोही सर्वसहमतीने.

या बोलण्यातून काय निघाले, ते बांबूने दाखवले.

बल्लारपूरचा कागद कारखाना 1945 साली स्थापन झालेल्या कंपनीचा. त्याला जंगलातला बांबू लागे आणि तो तोडणारे हात गावांचे असत. किती तोडायचा, काय भावाने, हे ठरे दुसरीकडेच. 2006च्या वनहक्क कायद्यानंतर 2009 मध्ये मेंढ्याला सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही वाहतूक परवान्याविना एक बांबूही नाक्यापलीकडे जात नव्हता. अखेर 27 एप्रिल 2011 रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडले. मग बांबू विकणारी आणि मजुरी ठरवणारीही ग्रामसभाच झाली. कालचे मजूरच मालक झाले.

आता पुन्हा फोनकडे. चंद्रपूरजवळच्या दुर्गापूरच्या खुल्या कोळसा खाणीत डंपर चालवताना फोन खिशातच हवा, याबद्दल दुमत नाही. पण कार्यालयात, शाळेत, दवाखान्यात सरसकट बंदी घातली की बोलणे थांबत नाही, ते फक्त मालकाच्या कानाआड जाते. तेव्हा फोनचा नियम लिहिण्याआधी मालकांनी कर्मचाऱ्यांसोबत एकदा बसावे आणि त्या बैठकीत कोणताही निर्णय घेऊ नये.