रायफलचा ट्यूनर : नेमातील सातत्यासाठी जुळणी

कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळे याने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळविले. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत हिने २०१० मध्ये ५० मीटर प्रोन प्रकारात जगज्जेतेपद पटकाविले होते. भोर-वेल्ह्यातील नवोदित नेमबाजांना पुण्यातील बालेवाडीचे शिवछत्रपती क्रीडासंकुल हे सरावाचे जवळचे मोठे केंद्र. प्रवास आणि काडतुसे दोन्ही खर्चिक असल्याने प्रत्येक गोळीचा हिशेब महत्त्वाचा ठरतो.

ट्यूनर म्हणजे काय?
नळीच्या तोंडाशी बसविलेले, आट्यांवर पुढे-मागे सरकणारे वजन म्हणजे ट्यूनर. त्यावर अंशांच्या खुणा असतात. गोळी सुटताना नळी किंचित कंप पावते. वजन सरकविले की त्या कंपनाची लय बदलते.

तत्त्व
पॉइंट २२ ची गोळी सेकंदाला सुमारे ३३० मीटर वेगाने निघते. एकाच पेटीतील काडतुसांच्या वेगात सेकंदाला १० मीटरचा फरक पडला, तर ५० मीटरवर गोळी सुमारे ७ मिलिमीटर वर-खाली लागते. दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास मात्र अवघा १०.४ मिलिमीटर! मंद गोळी नळीतून किंचित उशिरा बाहेर पडते. त्या क्षणी नळीचे तोंड वर उचलले जात असेल, तर तिची घसरण काही अंशी भरून निघते. ही वेळ साधणे हाच जुळणीचा हेतू होय.

जुळणीची पद्धत
वारा शांत असताना, रायफल टेकूवर ठेवून चाचणी घ्यावी. काडतुसे एकाच लॉटची असावीत. आरंभी काही गोळ्या झाडून नळी स्थिरावू द्यावी. प्रत्येक खुणेवर पाच गोळ्या झाडाव्यात आणि ट्यूनर दर वेळी समान अंतराने सरकवावा. त्याला हात लावण्यापूर्वी रायफल रिकामी असल्याची खात्री करावी व नळीचे तोंड सुरक्षित दिशेला ठेवावे.

आडवा फैलाव बहुधा वाऱ्यामुळे येतो. म्हणून येथे उभा फैलाव मोजावा. तो लागोपाठच्या काही खुणांवर कमी राहिला, तर त्या पट्ट्याचा मध्य निवडावा. एकाच सुंदर ग्रुपवर विसंबू नये. पाच गोळ्यांत योगायोगाचा वाटा मोठा असतो. निवडलेल्या खुणेवर दहा-दहा गोळ्यांचे ग्रुप पुन्हा घ्यावेत, मगच ट्यूनर घट्ट करून खूण वहीत नोंदवावी. लॉट बदलल्यास चाचणी पुन्हा घ्यावी.

मर्यादा
ट्यूनरच्या उपयोगाविषयी जाणकारांत मतभेद आहेत. वाईट काडतूस, सैल स्क्रू किंवा चुकीचा श्वास यांवर तो उपाय नव्हे. प्रथम चांगला लॉट निवडावा, शरीरस्थिती पक्की करावी आणि स्पर्धेचे नियम तपासूनच ट्यूनरकडे वळावे.