डीजेसाठी लॅपटॉप-सॉफ्टवेअर घ्यावं की पेनड्राइव्हच बरा? पैसे घालण्याआधी हे वाचा

लग्नसराई तोंडावर आली की तालुक्यातल्या साउंडवाल्यांच्या बोलण्यात एक प्रश्न हमखास येतो. लॅपटॉप आणि मिक्सिंगचं सॉफ्टवेअर घ्यायचं, की मिक्सरला पेनड्राइव्ह लावून चाललंय तेच बरं? प्रश्न साधा वाटतो, पण त्यात पैसा मोठा अडकतो. नवीन पोरं पतसंस्थेचं कर्ज काढून किंवा घरातला दागिना ठेवून सामान घेतात आणि हंगाम संपताना कळतं, की आपल्या कामाला याची गरजच नव्हती. दुसरीकडे काही जुने ऑपरेटर फर्माईश वेळेवर लावता येत नाही म्हणून हातातलं गिऱ्हाईक घालवतात.

थोडक्यात उत्तर असं: समोरची माणसं बघून गाणं बदलायचं काम असेल, तर सॉफ्टवेअर फायद्याचं. ठरलेली नॉनस्टॉप लावून वरात फिरवायची असेल, तर तेच पैसे दुसरीकडे घाला. हे कसं ठरवायचं, ते खाली सविस्तर पाहू.

आधी फरक समजून घ्या

आपल्याकडे ‘डीजेचं सॉफ्टवेअर’ म्हटलं की दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्या जातात.

पहिली, रिमिक्स बनवायचं सॉफ्टवेअर. एफएल स्टुडिओ हे त्यातलं सगळ्यांना माहीत असलेलं नाव. घरी बसून गाण्याला नवीन बीट लावणं, मध्ये आपल्या नावाचा आवाज टाकणं, हे काम त्यात होतं. तयार झालेली फाइल पेनड्राइव्हवर जाते.

दुसरी, चालू कार्यक्रमात गाणी मिसळायचं सॉफ्टवेअर. व्हर्च्युअल डीजे, सेराटो, रेकॉर्डबॉक्स, ट्रॅक्टर, मिक्स्स ही त्यातली नावं. स्क्रीनवर दोन डेक दिसतात. एका डेकवर गाणं वाजत असताना दुसऱ्यावरचं गाणं हेडफोनमध्ये ऐकून तयार ठेवायचं आणि योग्य जागी सोडायचं.

हा लेख दुसऱ्या प्रकाराबद्दल आहे. तुम्हाला फक्त रिमिक्स बनवायचे असतील, तर कार्यक्रमाच्या जागी लॅपटॉप न्यायची गरज नाही.

सॉफ्टवेअरने काय सोपं होतं?

- गाणं शोधणं: हजारभर गाण्यांत नाव टाइप केलं की दोन सेकंदांत गाणं समोर येतं. पेनड्राइव्हवर पुढे-पुढे करत बसावं लागत नाही. गावाकडच्या कार्यक्रमात मामा, मेव्हणे, मित्रमंडळी सगळेच फर्माईश घेऊन येतात. तिथे हा सगळ्यात मोठा फायदा आहे.
- गती कळणं: गाण्यात एका मिनिटाला किती ठोके आहेत, तो आकडा म्हणजे बीपीएम. सॉफ्टवेअर तो आधीच मोजून ठेवतं. १२४ आणि १२८ ची गाणी सहज जुळतात. ९५ वरून थेट १२८ वर ओढलं तर गाणं बेसूर धावल्यासारखं वाटतं. तिथे गती न ओढता गाणं संपवून दुसरं सुरू करणं बरं.
- खुणा लावणं: गाण्यातला नाचाचा भाग कुठे सुरू होतो, तिथे आधीच खूण ठेवता येते. लांबलचक सुरुवात टाळून थेट ठेक्यावर येता येतं.
- गायन आणि वाद्यं वेगळी करणं: सेराटो आणि व्हर्च्युअल डीजेच्या नव्या आवृत्त्यांत चालू गाण्यातलं गायन किंवा ठेका बाजूला काढता येतो. ऐकायला भारी वाटतं, पण जुन्या लॅपटॉपवर त्याचा फार ताण येतो आणि कधी कधी आवाज पाण्यातून आल्यासारखा होतो.

काय होत नाही?

‘सिंक’ बटण दाबलं की सगळं आपोआप जुळतं, असं दुकानदार सांगतात. ते अर्धंच खरं आहे. कॉम्प्युटरवर बनवलेल्या गाण्याची गती सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच असते, तिथे सिंक नीट चालतं. पण ढोलकी, हलगी, संबळ, बँजो हे हाताने वाजवलेलं असतं. वादक रंगात आला की गती चढते. जुनं लोकगीत किंवा लावणी सुरुवातीला जुळलेली असली, तरी मिनिटभरात घसरू शकते. मग दोन ठेके एकमेकांवर आपटतात आणि नाचणाऱ्यांचे पाय अडखळतात.

सॉफ्टवेअर आणखी एक चूक करतं. ७० चं गाणं १४० दाखवतं किंवा १४० चं ७० दाखवतं. म्हणून आकड्यावर डोळे झाकून विश्वास न ठेवता कानाने खात्री करा. हाताने वाजवलेली गाणी जास्त वेळ एकमेकांवर चढवू नका. एकाचा ठेका पडला की लगेच दुसरं सोडा.

आणि कोणतं गाणं कधी लावायचं, हे कुठलंच सॉफ्टवेअर सांगत नाही. हळदीला आज्या-काकू नाचायला उतरल्यावर काय लावायचं आणि वरात मारुतीच्या देवळासमोर आली की आवाज कधी कमी करायचा, हे ऑपरेटरलाच कळावं लागतं.

तुमचं काम कोणतं, त्यावर ठरवा

घ्यायला हरकत नाही:
- लॉनवरची हळद, संगीत, वाढदिवस, शाळेचं गॅदरिंग अशी कामं जास्त असतील. इथे साउंड छोटा असला तरी चालतो, गाण्यांची निवड महत्त्वाची असते.
- फर्माईश खूप येत असेल.
- तुम्ही स्वतः ऑपरेट करता आणि शिकायला रोज तासभर देऊ शकता.

सध्या थांबा:
- काम मुख्यतः वरात आणि मिरवणुकीचं असेल आणि तयार नॉनस्टॉपवर भागत असेल.
- ऑपरेटर दर सुपारीला बदलत असेल. शिकलेला माणूस गेला की लॅपटॉप पडून राहतो.
- जनरेटर, केबल किंवा ॲम्प्लिफायर अजून भाड्याचे असतील. आधी तो पाया पक्का करा.

तिसरा रस्ताही आहे. घरी लॅपटॉपवर गाण्यांची गती तपासायची, क्रम लावायचा, हळद, वरात, जयंती असे वेगवेगळे फोल्डर करायचे आणि कार्यक्रमात पेनड्राइव्हच न्यायचा. अनेकांचं काम एवढ्यावर भागतं. पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट करा. बरेच मिक्सर आणि प्लेअर दुसरी पद्धत वाचत नाहीत.

कोणतं सॉफ्टवेअर?

मिक्स्स पूर्ण मोफत आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. शिकायला यापासून सुरुवात करा. सेराटो डीजे लाइटही मोफत आहे, पण त्यात दोनच डेक मिळतात आणि मोठ्या आवृत्तीतल्या बऱ्याच सोयी नसतात. व्हर्च्युअल डीजे घरच्या वापराला मोफत आहे, सुपारी घेऊन वाजवायचं तर परवाना विकत घ्यावा लागतो. रेकॉर्डबॉक्स पायोनिअर डीजेच्या मशीनबरोबर चालतं. या कंपनीचा डीडीजे-एफएलएक्स४ हा छोटा कंट्रोलर रेकॉर्डबॉक्स आणि सेराटो लाइट, दोन्हींवर वापरता येतो.

क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर वापरू नका. त्यासोबत व्हायरस येतो आणि ऐन कार्यक्रमात बंद पडलं तर दाद मागायला जागा नसते. मोफत पर्याय असताना ती जोखीम कशाला?

मोबाइलवरच्या डीजे ॲपवर सराव होतो, कार्यक्रम नको. मध्येच फोन वाजला तर रिंगटोन मांडवभर ऐकू जाते. अगदीच वेळ आली तर एअरप्लेन मोड चालू करा.

लॅपटॉप आणि कंट्रोलर घेताना

एसएसडी असलेलाच लॅपटॉप घ्या. जुन्या हार्ड डिस्कमध्ये फिरती चकती असते. बेसच्या हादऱ्याने ती अडकते, खराबही होते. रॅम किमान ८ जीबी असू द्या. चांगल्या प्रतीचं, म्हणजे ३२० केबीपीएसचं चार मिनिटांचं गाणं साधारण १० एमबीचं होतं. हजार गाण्यांना १० जीबी पुरतात, त्यामुळे जागेसाठी जास्त पैसे घालायची गरज नाही.

साध्या लॅपटॉपला आवाज बाहेर काढायला एकच जागा असते. हेडफोनमध्ये पुढचं गाणं ऐकायचं आणि मिक्सरला चालू गाणं द्यायचं, तर दोन वेगळे मार्ग लागतात. कंट्रोलरमध्ये ते असतात. म्हणून नुसता लॅपटॉप घेऊन, माउसने मिक्सिंग करायचा विचार असेल तर आधीच सोडून द्या.

सेटिंगमध्ये ‘बफर’ नावाचा आकडा असतो. तो फार कमी केला तर आवाज कडकड करतो आणि फार वाढवला तर बटण दाबल्यावर उशिरा ऐकू येतं. २५६ किंवा ५१२ पासून सुरू करा, आवाज तुटला तर वाढवा.

जनरेटरवर आणि वरातीत काळजी

जनरेटर बंद पडला तर लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो. लॅपटॉपच्या यूएसबीवर चालणारा कंट्रोलरही राहतो. लाइट आली की गाणं लगेच सुरू करता येतं. हा खरा फायदा आहे.

पण चार्जर लावल्यावर स्पीकरमधून ‘हूं’ असा आवाज येऊ शकतो. चार्जर काढून बघा. आवाज गेला तर दोष अर्थिंगच्या वाटेने येतोय. त्यावर ग्राउंड लूप आयसोलेटर मिळतो, तो ऑडिओ केबलमध्ये लावायचा. काही जण यासाठी प्लगची अर्थिंगची पिन तोडतात. हे कधीही करू नका. पावसात, ओल्या जमिनीवर, लोखंडी ट्रॉलीवर शॉक लागून जीव जाऊ शकतो.

आणखी काही सवयी:
- कार्यक्रमाआधी वाय-फाय आणि विंडोजचं अपडेट बंद करा.
- लॅपटॉप बेसच्या डब्यावर ठेवू नका. खाली जाड फोम घाला, ऊन आणि धूळ लागू देऊ नका.
- सॉफ्टवेअरमधला आवाजाचा दिवा लाल होऊ देऊ नका. फाटलेला आवाज ॲम्प्लिफायरमध्ये गेला की टॉपचे युनिट जळतात.
- मोबाइलच्या नेटवर गाणी वाजवायच्या भरवशावर राहू नका. गाण्यांच्या ॲपमध्ये ऑफलाइन ठेवलेली गाणी मिक्सिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडत नाहीत. फाइल विकत घेऊन लॅपटॉपमध्येच ठेवा.
- तासभराच्या गाण्यांचा पेनड्राइव्ह मिक्सरला कायम लावून ठेवा. लॅपटॉप अडकला तर एका बटणावर गाणं सुरू राहिलं पाहिजे. वरातीत पाच मिनिटं शांतता झाली तर उरलेले पैसे देताना तेवढंच आठवतं.

पैशाचा हिशोब

समजा लॅपटॉप, कंट्रोलर, हेडफोन, केबल मिळून ६०,००० रुपये लागले आणि त्यामुळे सुपारीमागे १,५०० रुपये जास्त मिळाले. ६०,००० ला १,५०० ने भागा, ४० सुपाऱ्या होतात. हंगामात २० सुपाऱ्या होत असतील तर पैसे फिटायला दोन हंगाम लागतील. कर्जाचं व्याज धरलं तर त्याहून जास्त.

आता खरा प्रश्न: ते १,५०० जास्त मिळणार का? वरात ठरवायला आलेला माणूस टॉप किती, बेस किती, लाइट कोणती हे विचारतो. सॉफ्टवेअर कोणतं, हे कोणी विचारत नाही. हळद-संगीतवाले मात्र ‘गाणी आमच्या पसंतीची लागतील ना?’ असं आवर्जून विचारतात. जास्तीचे पैसे तिथे मिळतात. गेल्या वर्षीची वही काढा आणि अशी कामं किती होती ते मोजा. ती दहाच्या आत असतील तर यंदा नवीन खर्च टाळा.

कायदा तोच राहतो

सामान कोणतंही असो, ध्वनिप्रदूषण नियम, २००० लागू असतात. मोकळ्या जागेत रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद ठेवावा लागतो. वर्षातल्या ठरावीक सण-उत्सवांच्या दिवशी राज्य सरकार रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं, तीही जास्तीत जास्त १५ दिवस. रहिवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्या भोवतालच्या १०० मीटरपर्यंतच्या शांतता क्षेत्रात ती आणखी कमी आहे. गुन्हा दाखल होऊन सामान जमा झालं, तर लॅपटॉपही त्यात जातो आणि पुढच्या सुपाऱ्या अडकतात. इसार घेतानाच बंद करायची वेळ लिहून घ्या.

घेण्याआधी महिनाभर हे करा

पावसाळ्यात कामं कमी असतात, तेव्हा कोणाचा तरी लॅपटॉप घेऊन मिक्स्स टाका. पहिल्या आठवड्यात आपली शंभर गाणी भरा आणि प्रत्येकाची गती तपासा. दुसऱ्या आठवड्यात सिंक न लावता, कानाने दोन गाणी जुळवायचा सराव करा. तिसऱ्या आठवड्यात घरातल्या माणसांना फर्माईश करायला सांगा आणि गाणं लागायला किती वेळ जातो ते बघा. चौथ्या आठवड्यात सलग दोन तास, एकदाही आवाज न थांबवता वाजवा.

हे जमलं आणि वहीतला हिशोबही जुळला, तर कंट्रोलर घ्या. शक्यतो एखाद्या सुपारीपुरता भाड्याने वापरून मगच घ्या. नाही जमलं तर नुकसान काहीच नाही. लावलेली शंभर गाणी पेनड्राइव्हवर टाका, येत्या हंगामात तीच उपयोगी पडतील.