कॉलेजच्या दारातून उचललेली गाडी : अधिकार कोणाचा, खर्च कोणाचा?

पुणे-नाशिक महामार्गावर राजगुरुनगरच्या पुढचा खेड घाट चढून वर आले, की आंबेगाव तालुक्यातील पेठ हे गाव लागते. बटाट्यासाठी प्रसिद्ध असलेल्या सातगाव पठाराची ही बाजारपेठ. कुरवंडी, भावडी, थुगाव या आसपासच्या गावांतील मुले-मुली येथूनच शिक्षणासाठी बाहेर पडतात. काही जण अवसरीचा घाट उतरून अवसरी खुर्दचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय व शासकीय तंत्रनिकेतन किंवा मंचरचे अण्णासाहेब आवटे महाविद्यालय गाठतात, तर काही थेट पुण्याची वाट धरतात. एसटीच्या मासिक पासावर विद्यार्थ्यांना ६६.६७ टक्के सवलत आहे आणि मार्च २०२३ पासून महिलांना निम्म्या भाड्यात प्रवास करता येतो. तरीही महामार्गापासून आत असलेल्या वाड्या-वस्त्या आणि प्रात्यक्षिकांच्या अवेळी संपणाऱ्या तासिका यांचा मेळ एसटीच्या वेळापत्रकाशी बसत नाही. मग घरातील दुचाकी मुलाच्या किंवा मुलीच्या हाती येते.

खरा प्रश्न त्यानंतर सुरू होतो. गाडी आहे, पण ती लावायची कोठे? महाविद्यालयाच्या आवारात जागा भरलेली असते किंवा विद्यार्थ्यांच्या वाहनांना प्रवेशच नसतो. बाहेर रस्त्याकडेला आधीच दुचाकींची रांग लागलेली असते. त्या रांगेच्या टोकाला गाडी लावून विद्यार्थी वर्गात जातो आणि दोन तासांनी परत येतो तेव्हा जागा रिकामी दिसते. गाडी चोरीला गेली की पोलिसांनी उचलली, हेही त्या क्षणी समजत नाही. गावाकडून नव्याने शहरात आलेल्या विद्यार्थ्याला तर चौकशी कोठे करावी, याचाही पत्ता नसतो.

उचलण्याचा अधिकार

रस्त्यावरील वाहन उचलण्याचा अधिकार मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२७ मधून येतो. या कलमाची भाषा बारकाईने वाचण्यासारखी आहे. सार्वजनिक ठिकाणी वाहन दहा तास किंवा त्याहून अधिक काळ बेवारस सोडलेले असेल किंवा 'कायद्याने मनाई असलेल्या' जागी उभे केलेले असेल, तर ते हलविण्यास अथवा त्याच्या चाकाला जॅमर लावण्यास परवानगी देता येते. ही परवानगी देणारा अधिकारी गणवेशातील आणि त्या हद्दीत अधिकार असलेला पोलिस अधिकारी हवा. बेवारस किंवा मोडके वाहन वाहतुकीला धोका निर्माण करीत असेल, तर ते तत्काळ हलविता येते. याच कलमानुसार वाहन हलविण्याचा खर्च मालकाने सोसावयाचा असतो आणि दंड त्याशिवाय वेगळा भरावा लागतो.

याचा व्यवहारातील अर्थ असा, की टोइंग व्हॅनवर काम करणाऱ्या खासगी ठेकेदाराच्या मुलांना स्वतःच्या मर्जीने एकही गाडी उचलण्याचा अधिकार नाही. ते केवळ उचलण्याचे काम करतात. निर्णय सोबतच्या पोलिसाचा असावा लागतो. 'गाडी उचलताना पोलिस कोठे होता?' ही विद्यार्थ्यांची नेहमीची तक्रार म्हणूनच पोरकट ठरत नाही. ती थेट कायद्याच्या शब्दांना धरून आहे.

दुसरा कळीचा शब्द 'मनाई'. रस्त्यावर वाहने लावण्यास बंदी घालणे, त्यासाठी फलक लावणे आणि वाहनतळ निश्चित करणे यांची तरतूद याच कायद्याच्या कलम ११५ ते ११७ मध्ये आहे. शहरात पोलिस आयुक्तांच्या अधिसूचनेने अशी मनाई लागू होते. घरमालकाने किंवा दुकानदाराने स्वतः रंगवून टांगलेली 'नो पार्किंग'ची पाटी म्हणजे अधिसूचना नव्हे. पुण्यातील पाट्यांचा जगभर लौकिक असला, तरी 'येथे गाडी लावल्यास हवा सोडली जाईल' या इशाऱ्यामागे कायद्याचे बळ काहीच नाही. उलट हवा सोडणाराच अडचणीत येऊ शकतो.

तथापि, फलक नाही म्हणून गाडी कोठेही लावता येते, असा निष्कर्ष काढणे महागात पडते. वाहनचालकांसाठीच्या २०१७ च्या नियमावलीनुसार काही जागा फलकाविनाही निषिद्ध आहेत. पदपथ, चौक आणि त्याची तोंडे, वळण, पूल, पादचारी मार्ग, बसथांबा, दुसऱ्याच्या मिळकतीचे प्रवेशद्वार आणि आधीच उभ्या असलेल्या वाहनाच्या शेजारची दुसरी ओळ या त्यांपैकी काही होत. महाविद्यालयांच्या परिसरातून उचलल्या जाणाऱ्या दुचाकींची जागा पाहिली, तर यांतील पदपथ, दुसरी ओळ आणि बसथांबा यांचाच प्रामुख्याने प्रत्यय येतो.

सम-विषमचा सापळा

गावाकडून पुण्यात आलेल्या विद्यार्थ्याला सर्वाधिक गोंधळात टाकते ती सम-विषम तारखांची पद्धत. शहरातील अनेक रस्त्यांवर एका बाजूस सम तारखांना, तर समोरच्या बाजूस विषम तारखांना वाहने लावता येतात. फलकावर मात्र 'पी-१' किंवा 'पी-२' एवढेच मोठ्या अक्षरांत असते. वसतिगृहाजवळच्या रस्त्यावर रात्री नियमानुसार लावलेली गाडी मध्यरात्री तारीख बदलताच नियमबाह्य होते. सकाळी आठच्या तासाला निघालेल्या विद्यार्थ्याला ती जागेवर सापडत नाही आणि आपले नेमके काय चुकले, हेही कळत नाही. महिन्याची ३१ तारीख आणि लगेच येणारी १ तारीख या दोन्ही विषम असल्याने त्या दिवशी बाजू बदलत नाही, ही आणखी एक गंमत.

आवाराच्या आत नियम वेगळे

महाविद्यालयाच्या कुंपणाच्या आत परिस्थिती बदलते. कलम १२७ 'सार्वजनिक ठिकाणा'पुरते आहे आणि कायद्यातील व्याख्येनुसार जेथे लोकांना जाण्या-येण्याचा हक्क आहे, ते सार्वजनिक ठिकाण होय. ओळखपत्र दाखवूनच प्रवेश मिळणारे आवार सामान्यपणे या व्याख्येत बसत नाही. त्यामुळे आतील बेशिस्त पार्किंगबद्दल संस्था शिस्तभंगाची कारवाई करू शकते, वाहनाचा प्रवेश परवाना रद्द करू शकते. परंतु सुरक्षारक्षकाने गाडीला साखळी घालून पैसे मागणे हा मोटार वाहन कायद्यातील दंड नव्हे. अशा वेळी पावती कोणत्या नियमाखाली दिली, हे विचारण्यास विद्यार्थ्याने संकोच करू नये.

महाविद्यालयात जागा का नाही, याचे उत्तर बहुतांशी इतिहासात आहे. फर्ग्युसन महाविद्यालयाची स्थापना १८८५ ची, सर परशुरामभाऊ महाविद्यालयाची १९१६ ची, तर बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालयाची १९४३ ची. त्या काळातील विद्यार्थी पायी किंवा सायकलवरून येत आणि पुणे पुढेही कित्येक दशके सायकलींचेच शहर म्हणून ओळखले जाई. इमारती, फाटके आणि भोवतालचे रस्ते त्याच मापाने आखले गेले. डिसेंबर २०२० मध्ये राज्यात लागू झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत शैक्षणिक इमारतींसाठी वाहनतळाचे निकष आहेत, मात्र त्यांचा उपयोग प्रामुख्याने नव्या बांधकामांना. जुन्या आवारात विद्यार्थिसंख्या वाढली, तासिका दोन सत्रांत गेल्या, दुचाकी आल्या. जमीन तेवढीच राहिली.

पुणे महापालिकेच्या सर्वसाधारण सभेने मार्च २०१८ मध्ये सशुल्क पार्किंगचे धोरण मंजूर केले. विरोधानंतर ते निवडक पाच रस्त्यांवर प्रायोगिक तत्त्वावर राबविण्याचे ठरले आणि पुढे अंमलबजावणी रखडली. रस्त्यावर गाडी लावण्याचे पैसे घ्यावेत की नाही, हा वाद बाजूला ठेवला तरी एक विसंगती उरते. गाडी उचलण्याची यंत्रणा दररोज सकाळी वेळेवर हजर असते. गाडी लावण्याची व्यवस्था मात्र सभागृहातून बाहेर पडत नाही. विद्यार्थ्यांचा रोष टोइंगवर दिसत असला, तरी त्याचे मूळ या विसंगतीत आहे.

किती भुर्दंड?

नियमबाह्य पार्किंगसाठी सामान्यतः कलम १७७ लावले जाते. २०१९ च्या दुरुस्तीपूर्वी त्याखाली पहिल्या गुन्ह्यास १०० आणि पुढील गुन्ह्यास ३०० रुपयांपर्यंत दंड होता. दुरुस्तीनंतर हे आकडे ५०० आणि १५०० झाले. महाराष्ट्रात वाढीव दर डिसेंबर २०२१ पासून लागू झाले. गाडी उचलली गेल्यास ओढून नेण्याचे शुल्क वेगळे लागते. ते शहरानुसार व वाहनाच्या प्रकारानुसार ठरते आणि ठेकेदाराच्या सेवेवर करही आकारला जातो. म्हणून पावतीवर दंड व टोइंग शुल्क ही दोन्ही नावे स्वतंत्रपणे दिसली पाहिजेत. पहिली रक्कम सरकारजमा होते, दुसरी सेवेची किंमत असते. एकच गोळाबेरीज रक्कम सांगून पावती दिली जात नसेल, तर तेथेच थांबून विचारणा करावी. गावाहून मर्यादित पैशांत महिना काढणाऱ्या मुलासाठी ५०० रुपयांचा दंड आणि वरचे शुल्क म्हणजे खाणावळीच्या बिलाला पडलेली मोठी खिंडच.

गाडी सोडवताना

गाडी दिसत नसेल, तर प्रथम जागेवर चौकशी करावी. गाडी कोणत्या वाहतूक विभागाकडे नेली, हे शेजारचा टपरीवाला बहुधा सांगू शकतो. तेथे माहिती मिळाली नाही, तर ११२ क्रमांकावर किंवा जवळच्या पोलिस चौकीत विचारावे. टोइंगच्या नोंदीत गाडी नसल्याचे स्पष्ट झाले, तर चोरीची तक्रार देण्यास विलंब करू नये. 'उचलली असेल' असे गृहीत धरून दोन दिवस घालविणारे विद्यार्थी पुढे विम्याच्या दाव्यात अडचणीत येतात.

गाडी सोडवताना नोंदणी प्रमाणपत्र, चालक परवाना, विमा व पीयूसी दाखवावे लागते. डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या अॅपमधील कागदपत्रे ग्राह्य धरण्याची तरतूद २०१८ पासून आहे, त्यामुळे मूळ कागद पेठेला घरी आहेत म्हणून अडवणूक होण्याचे कारण नाही. एक अडचण मात्र हमखास येते. गाडी वडिलांच्या नावावर, पासिंग पिंपरी-चिंचवडचे म्हणजे 'एमएच १४', आणि नोंदविलेला मोबाइल क्रमांकही वडिलांचा. ई-चलानाचा संदेश शेतात असलेल्या वडिलांच्या फोनवर जातो आणि मुलाला काहीच कळत नाही. अशी चलाने साचत जातात व पुढे लोकअदालतीची नोटीस घरी येते. वाहतूक पोलिसांच्या ई-चलान संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक टाकून थकीत चलान व त्यासोबतचे छायाचित्र पाहता येते, हरकतही नोंदविता येते. छायाचित्रात मनाईचा फलक किंवा गाडीची नेमकी जागा दिसत नसेल, तर हरकतीला तोच मुख्य आधार ठरतो.

ताबा घेण्यापूर्वी आरसे, हँडल, मडगार्ड, सायलेन्सर तपासावेत व मोडतोड असल्यास जागेवरच छायाचित्रे काढून लेखी तक्रार द्यावी. हँडल लॉक असलेली दुचाकी एका बाजूने उचलली, की पुढचे चाक व हँडल यांवर ताण येतो. गाडी आवाराबाहेर नेल्यावर नुकसान टोइंगमुळेच झाले, हे सिद्ध करणे जवळपास अशक्य होते.

अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांची स्थिती अधिक बिकट आहे. वयाच्या सोळाव्या वर्षी मिळणारा परवाना ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअर दुचाकीपुरताच आहे आणि बाजारातील बहुतेक स्कूटर ११० ते १२५ सीसीच्या आहेत. अशी गाडी सोडविण्यास अल्पवयीन मुलगा स्वतःच गेला, तर पार्किंगचे किरकोळ प्रकरण भलत्याच कलमात जाऊ शकते. २०१९ मध्ये आलेल्या कलम १९९-अ नुसार अल्पवयीनाने गाडी चालविल्यास पालक किंवा मालकास तीन वर्षांपर्यंत कारावास व २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही.

अतिरेकाची उदाहरणे

कारवाईच्या नावाखाली तारतम्य सुटले, की काय होते, याची दोन उदाहरणे राज्याने पाहिली आहेत. नोव्हेंबर २०१७ मध्ये मुंबईतील मालाड येथे आई व तान्हे मूल आत बसलेले असताना मोटार ओढून नेण्यात आली. चित्रफीत पसरल्यानंतर संबंधित पोलिसाला निलंबित करण्यात आले. ऑगस्ट २०२१ मध्ये पुण्याच्या नाना पेठेत दुचाकीस्वारासह दुचाकी उचलली गेली. चालक जागेवर असेल, तर गाडी 'सोडून दिलेली' राहत नाही. त्याला ती हलविण्यास सांगणे व चलान करणे पुरेसे असते. दोन्ही प्रकार उजेडात आले ते कोणाच्या तरी हातातील मोबाइलमुळे.

गावाकडे टोइंग नाही, म्हणून मोकळीक?

मंचर, घोडेगाव, नारायणगाव, जुन्नर या भागांत पुण्यासारखी फिरती टोइंग व्हॅन रोजची नाही. परंतु कायदा तोच आहे. महामार्गालगत फाट्यावर गाडी लावून एसटी पकडणारे विद्यार्थी पेठेपासून आळेफाट्यापर्यंत कोठेही दिसतात. मोटार वाहन कायद्याखेरीज सार्वजनिक रस्त्यात अडथळा आणल्याबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ खाली पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. जुलै २०२४ पूर्वी भारतीय दंड संहितेत हीच मर्यादा २०० रुपये होती. राष्ट्रीय महामार्गाच्या हद्दीतील वाहतुकीसाठी २००२ चा स्वतंत्र कायदाही आहे. शिवाय दंडापेक्षा मोठा धोका वेगाचा आहे. घाट उतरून भरधाव येणाऱ्या मालमोटारींच्या वाटेत, पांढऱ्या पट्टीवर दिवसभर उभी असलेली दुचाकी संध्याकाळी सुरक्षित सापडेलच, याची हमी कोणी देत नाही. एसटी स्थानकाच्या वाहनतळात किंवा फाट्यावरील ओळखीच्या दुकानदाराच्या अंगणात विचारून गाडी लावण्याचा मार्ग अनेकांनी पत्करला आहे. अंगण खासगी असल्याने तेथे कलम १२७ पोहोचत नाही. मात्र गाडी हरवल्यास जबाबदारी कोणाची, हे दुकानदाराशी आधीच बोलून घेतलेले बरे.